घासायच्या आधी लिहा: गावच्या छोट्या संग्रहालयातल्या वस्तू कशा सांभाळाव्यात

प्रश्न असा आहे: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्यांत घराघरांतून जुन्या वस्तू गोळा झाल्या आहेत. जाती, उखळं, मापं, पितळी भांडी, कुरी (पेरणीचं अवजार), नांगर, घोंगडी, कंदील, मोडी कागदांचे दोन-तीन रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), सगळं मिळून शे-सव्वाशे नग. पावसाळ्याआधी ते स्वच्छ करून मांडायचं आहे. कशाने साफ करावं, काय लावावं आणि पाट्या कशा लिहाव्यात?

आधी चिंच, राख आणि काथ्या बाजूला ठेवा. बहुतेक गावांत होतं असं, की वस्तू जमल्या की पहिल्याच रविवारी उत्साही मंडळी येतात, पितळ सोन्यासारखं करतात, नांगराला व्हार्निश फासतात, घोंगडं साबणाच्या पाण्यात बुडवतात आणि संध्याकाळी फोटो काढतात. साठ-सत्तर वर्षं वापरून वस्तूवर जे उमटलं होतं, ते त्या एका दिवसात जातं. तुमच्याकडचं जातं काही जगावेगळं नाही; तसली जाती आज कितीतरी दारांत पायरी होऊन पडली आहेत. ते कुणाच्या घरी, कशाने आणि कसं झिजलं, एवढंच त्याचं वेगळेपण. म्हणून पहिलं काम सफाईचं नाही, लिहिण्याचं.

जाड पुठ्ठ्याची, शिवलेली वही घ्या, सुट्या पानांची फाईल नको. प्रत्येक वस्तूला वर्ष आणि क्रमांक द्या: २०२५.१७ म्हणजे त्या वर्षी आलेली सतरावी वस्तू. जात्याच्या दोन तळ्या असतील तर २०२५.१७ क आणि २०२५.१७ ख. हे क, ख कंटाळवाणं वाटतं, पण न केल्यामुळे एका जात्याची वरची तळी दुसऱ्याच्या खालच्या तळीवर बसलेली अनेक ठिकाणी दिसते. वहीत देणाऱ्याचं नाव, वस्तू कुणी वापरली, शेवटची कधी वापरली, कुठल्या बाजारातून आणली की गावातच कुणी करून दिली, मोडल्यावर कोण दुरुस्त करायचं, हे सगळं यावं. उंची, रुंदी, वजन मोजा. चारी बाजूंनी फोटो काढा, त्यात मोजपट्टी दिसू द्या. वहीची दुसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा.

विचारताना वस्तू म्हाताऱ्या माणसाच्या हातात द्या. नुसतं ‘आजी, हे काय?’ विचारलं तर ‘जातं की रे’ एवढंच उत्तर मिळतं. खुंटा हातात आला की भरड कशी काढायची, कणीला काय करायचं, पहाटे कितीला उठायचं, हे आपोआप येतं. मोबाईलवर आवाज टिपून घ्या आणि त्याचा क्रमांक वहीत लिहा. भागांची नावं त्यांच्याच तोंडची लिहा, पुस्तकातली नकोत. तुमच्या भागात तिफणीला ‘कुरी’ म्हणतात आणि टोपलीला ‘बुट्टी’. तेच शब्द पाटीवर आले पाहिजेत.

दान आणि ठेव यांतला फरक पहिल्याच दिवशी कागदावर आणा. ‘असू दे तुमच्याकडं’ या वाक्याचा अर्थ दहा वर्षांनी प्रत्येक वारस वेगळा लावतो. एका पानाचं पत्र पुरे: वस्तू कायमची दिली की सांभाळायला दिली, ठेव असेल तर किती वर्षं, सही, दोन साक्षीदार. आणि सगळं घेऊ नका. अकरावं उखळ आलं की घेण्याआधी विचारा, आधीच्या दहांपेक्षा यात वेगळं काय आहे?

क्रमांक वस्तूवर थेट मार्करने लिहू नका, तो लाकडात उतरतो. धातू, दगड आणि गुळगुळीत लाकडावर पॅरालॉइड बी-७२ नावाच्या रेझिनचा छोटा पट्टा द्यायचा. २० ग्रॅम दाणे साधारण ८० मिलिलिटर ॲसिटोनमध्ये रात्रभर विरघळवले की पुरे. पट्टा वाळला की त्यावर काळ्या इंडियन इंकने बारीक आकडा, आणि वर पुन्हा एक पातळ हात. कधी काढायचा झाला तर ॲसिटोनच्या बोळ्याने निघतो. नेलपॉलिशने हेच काम होतं असं सांगणारे भेटतात. ते पिवळं पडून पापुद्रे सुटतात. हे साहित्य मिळालं नाही तर सुती नाडीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधा. कापडाला सुती फितीवर आकडा लिहून चार टाके, आणि कागदाच्या मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिल.

आता मापं, कारण पाट्यांवरच्या सगळ्यात जास्त चुका इथे होतात. शेर दोन होते, वजनाचा आणि मापाचा. वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा. तोळा ११.६६ ग्रॅमचा धरला तर शेर ९३३ ग्रॅम आणि ४० शेरांचा मण ३७.३२ किलो. हा हिशेब ओतीव लोखंडी वजनांना लागतो, ज्यांच्यावर आकडा उठवलेला असतो. धान्याचं माप मात्र आकाराचं: २ निळवी म्हणजे १ कोळवं, २ कोळवी १ चिपटं, २ चिपटी १ मापटं, २ मापटी १ शेर, ४ शेर १ पायली. या मापाच्या शेरात भात भरलं तर एक वजन, जोंधळा भरला तर दुसरं. शिवाय पायली गावागणिक लहानमोठी. म्हणून लाकडी किंवा पितळी शेरावर ‘१ शेर = ९३३ ग्रॅम’ अशी पाटी लावणं साफ चूक आहे.

मग काय लिहायचं? मोजून लिहा. लाकडी मापात पाणी कधी ओतू नका, लाकूड फुगतं आणि कडेची लोखंडी पट्टी सैल होते. कोरडी बाजरी किंवा मोहरी भरा, कडेला पट्टी फिरवून सपाट करा आणि ती मोजणीच्या प्लॅस्टिक भांड्यात ओतून मिलिलिटर बघा. तीनदा करून सरासरी घ्या. मग शीग लावून (काठाच्या वर ढीग येईल असं भरून) पुन्हा मोजा. सपाट आणि शिगेचं माप यांत किती फरक पडतो ते पाटीवर आकड्यात द्या. देताना सपाट आणि घेताना शीग, या जुन्या तक्रारीचा अर्थ मुलांना तेव्हाच कळतो. मापाच्या बुडाला खिळा, कडेला सरकारी छाप, आतून लावलेली राळ असं काही असेल तर त्याचा जवळून फोटो घ्या. मेट्रिक वजनमापं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ पर्यंत जुनी वजनं कायद्याने बाद झाली, तरी घरातली मापटी-चिपटी पुढेही चालूच होती. त्यामुळे माप दिसलं की ‘१९५८ पूर्वीचं’ असं ठोकून देऊ नका. नाण्यांचंही असंच. १६ आण्यांचा म्हणजे ६४ पैशांचा रुपया १ एप्रिल १९५७ ला १०० नव्या पैशांचा झाला, पण चार आणे-आठ आणे लोकांच्या तोंडी अजून आहेत.

पितळ आणि तांबं. चिंच-मिठाने भांडं चकाकतं हे खरं, पण मिठातला क्लोराइड धातूच्या बारीक छिद्रांत राहतो आणि पहिल्या पावसाळ्यात फिकट हिरवी भुकटी होऊन वर येतो. ती पुसली की पुन्हा येते, प्रत्येक वेळी थोडा धातू खाऊन. गडद, घट्ट बसलेला हिरवट-तपकिरी थर मात्र धातूचं रक्षण करतो, त्याला हात लावू नका. ओळखायचं कसं? टूथपिकने हलकेच खरवडा. पूड पडली आणि खाली खड्डा दिसला तर ती वस्तू वेगळी, कोरड्या बंद डब्यात ठेवा. एरवी सफाई म्हणजे मऊ ब्रशने धूळ काढणं आणि अगदीच तेलकट असेल तर स्पिरिटचा बोळा. हंड्याच्या बुडाची काजळी ठेवाच. तो चुलीवर होता याचा तेवढाच पुरावा आहे. आतली कलई घासू नका, ती कथलाचा पातळ थर असते. नवी कलई तर मुळीच करू नका. कल्हईवाला हौसेने करून देईल, पण मग ते भांडं आजचं होतं.

लग्नात दिलेल्या भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेली नावं असतात, काठाखाली किंवा बुडाला. समोरून दिसत नाहीत. खोली अंधारी करून बॅटरी भांड्याच्या अगदी कडेने, आडवी धरा, ठिपके सावलीने उठून दिसतात. तुमच्याकडे ही नावं देवनागरीत असतील तशी कन्नड लिपीतही सापडतील, कधी एकाच घरातल्या दोन भांड्यांवर दोन. वाचता येत नसलं तरी फोटो घ्या, वाचणारं माणूस गावातच असतं. वर्षानुवर्षं राखेने घासलेल्या तपेलीवर पहिली दोनच अक्षरं उरलेली असतात, ती तरी जाऊ देऊ नका.

जातं उघडताना दोन माणसं हवीत. वरची तळी एका बाजूने उचलू नका, कलली की ती खालच्या तळीतली खीळ वाकवते. खुंटा काढा, दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर सरकवा आणि मग दोघांनी सरळ वर उचलून घ्या. आत जुनं पीठ निघालं तर ते चिमूटभर पुडीत ठेवा आणि बाकीचं कोरड्या ब्रशने झाडा, पाणी नको. आता नीट बघा. टाकीच्या (छिन्नीच्या) खुणा ठळक असतील तर टाकी लावून घेतल्यावर जातं फारसं वापरलं गेलं नाही. गुळगुळीत असेल तर शेवटची काही वर्षं ते जाडंभरडं पीठच देत असणार, म्हणजे घराला तोवर गिरणी मिळाली होती का, हे विचारायचा तो धागा आहे. खुंट्याचं भोक झिजून काठ फुटला की लोक समोरच्या बाजूला दुसरं पाडत. दोन भोकांची तळी म्हणजे लांब आयुष्याचं जातं. खिळीभोवती चिंधीचं वेटोळं सापडलं तर कचरा समजून फेकू नका. वरची तळी किंचित उचलून डाळ भरडण्यासाठी ते घातलेलं असतं. मुलांना दळून दाखवायचं असेल तर संग्रहातलं जातं वापरू नका, गावात दुसरं मिळेल. त्यातही आधी दोन मुठी तांदूळ दळून ते पीठ टाकून द्यावं, कारण टाकी लावलेल्या दगडाची कच पडते.

कुरी मांडताना ती जोडलेली मांडा. नुसतं चाडं, म्हणजे ज्यातून बी सोडतात तो भाग, काचेच्या पेटीत ठेवलं तर ते ओबडधोबड वाटीसारखं दिसतं. चाड्यातून बी मुठीमुठीने सुटतं, भोकांतून बांबूच्या नळ्यांत आणि तिथून फणामागे मातीत. दोन फणांची पाभर, तीन फणांची तिफण. बेळगाव-खानापूरकडे भाताची धूळवाफ पेरणी होते, पाऊस यायच्या आधी कोरड्या मातीत. त्यामुळे इथली कुरी भाताचीही आहे, हे पाटीवर लिहा. घाटाखालून आलेल्या माणसाला भात म्हणजे फक्त लावणी वाटते. नळ्या तुटल्या असतील तर नवीन बांबू बसवायला हरकत नाही, फक्त आतल्या बाजूला ‘नवीन, २०२५’ लिहून ठेवा. तीच गोष्ट चुलीची. शेणामातीची चूल नव्याने घालून दाखवली तर ‘नव्याने घातलेली’ असं सांगावं.

लाकडाला तेल, व्हार्निश, गेरू काही नको. जवसाचं तेल चिकट राहतं आणि धूळ धरतं. नांगराच्या इसाडावर (लांब दांड्यावर) आणि रुमण्यावर (हातात धरायच्या दांड्यावर) हाताच्या घामाने आलेली चकाकी कुठल्याही पॉलिशपेक्षा चांगली असते. भुंग्याची भोकं सगळ्याच जुन्या लाकडाला असतात. प्रश्न एवढाच की किडा आत जिवंत आहे का. वस्तूखाली काळा कागद घाला आणि महिन्याने बघा. त्यावर पिवळट ताजी भुकटी पडली असेल तर ती वस्तू लगेच दुसऱ्या खोलीत. वाळवीसाठी लाकूड जमिनीला आणि भिंतीला टेकू देऊ नका, विटांवर किंवा लोखंडी घोडीवर ठेवा, भिंतीपासून चार बोटं सोडून. पेस्ट कंट्रोलवाल्याकडून जमिनीला आणि पायाला औषध द्या, वस्तूंवर फवारा मारू देऊ नका.

घोंगड्याला चिंचोक्याची खळ असते, तिनेच त्याला कडकपणा येतो आणि पाऊस अंगावरून ओघळतो. धुतलं की खळ जाते, लोकर आटते आणि पट्ट्यांची शिवण ओढली जाते. पण खळीला आणि लोकरीला कीड लागते हेही खरं. उपाय थंडीचा. घोंगडं सैल गुंडाळून जाड पॉलिथिनमध्ये घाला, हवा दाबून काढा, चिकटपट्टीने बंद करा आणि उणे १८ अंश किंवा त्याहून थंड डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. गावातला आइस्क्रीमवाला हिवाळ्यात फ्रीझर रिकामा देतो. मधे वीज जाऊन आतलं सैल पडलं तर दिवस पहिल्यापासून मोजा, अर्धवट थंडीत अंडी वाचतात. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर दव घोंगड्यातच उतरतं. डांबराच्या गोळ्यांवर भिस्त ठेवू नका. वास बंद खोलीत बसणाऱ्याला बाधतो आणि कीड मात्र पुष्कळदा टिकते.

बेळगावच्या शहापूर-वडगावच्या मागावरचं लुगडं आलं असेल तर घडी घालून ठेवू नका, रेशीम घडीवरच तुटतं. खळ धुवून काढलेल्या मांजरपाटात (कोऱ्या सुती कापडात) गुंडाळलेल्या जाड नळीवर ते गुंडाळा. कातडी मोट किंवा जुन्या वहाणांना तेल चोळून मऊपणा परत येत नाही, डाग मात्र पडतो. आत मांजरपाटाचे बोळे भरून आकार धरून ठेवा, एवढंच.

कागद. मोडी कागद बहुधा काजळीच्या शाईत बोरूने लिहिलेले असतात. ही शाई उन्हाने फिकट होत नाही, पण पाण्याचा थेंब पडला की पसरते. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, टाचणी असेल तर काढा. रुमालातला क्रम बदलू नका, एका रुमालातले कागद पुष्कळदा एकाच व्यवहाराचे असतात. सुती दोऱ्याने बांधा, रबरबँड नको. फ्लॅश बंद करून, खिडकीच्या उजेडात फोटो घ्या. वाचणारा पुढे कधीही मिळेल. तारखेसाठी साधा हिशेब: शकात ७८ मिळवा, फसलीत (महसुली सनात) ५९०. शके १८२५ म्हणजे १९०३-०४. स्टँप पेपरवर कुणाचं राज्य आहे ते बघा. शहापूर सांगली संस्थानात होतं, रामदुर्ग स्वतंत्र संस्थान होतं, दोन्ही १९४८ ला मुंबई प्रांतात आली. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात, मग म्हैसूर राज्यात, आणि त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं १९७३ ला. त्यामुळे १९४० च्या कागदाखाली ‘कर्नाटक’ लिहिलं की चूक. त्या वेळचं नाव आधी, आजचं नंतर, एवढं पाळलं की वाद उरत नाही.

पाट्या मराठी आणि कन्नड दोन्हींत करा. यात राजकारण आणू नका, कन्नड शाळेतली मुलंही त्याच चुलीपाशी वाढलीत. जातं म्हणजे बीसो कल्लु, उखळ ओरळु, मुसळ ओनके, कणगी कणज, घोंगडं कंबळी. दोन्ही नावं शेजारी आली की बुट्टी आणि कुरी हे शब्द कुठून कुठे गेले, हे बघणारा स्वतःच हेरतो. पाटी चाळीस-पन्नास शब्दांची, त्यात एक वाक्य देणाऱ्याच्या तोंडचं.

खरा शत्रू तुमच्याकडे पाऊस आहे. अथणी-रायबागकडच्या संग्रहाला धूळ पुसत बसावं लागतं. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात बुरशीशी गाठ आहे. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. काहीशे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि आकडा रोज सकाळी वहीत लिहा. जुलैत तो ८५-९० दाखवेल. उघड्या खोलीत सिलिका जेल ठेवणं म्हणजे ओढ्यात टीपकागद बुडवणं. त्यापेक्षा कापड आणि कागद मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी घट्ट झाकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद करा, म्हणजे आत कोरडी हवाच अडकते. दसऱ्यापर्यंत ते उघडू नका, त्या काळात मांडणीत फोटो लावा. मोठ्या वस्तूंवर बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, पसरते. मास्क लावून, वस्तू ओसरीत सावलीला नेऊन, वाळल्यावर मऊ ब्रशने झाडा.

काही वस्तू घेऊच नका. माळ्यावरची सांबरशिंगं कुणी आणून दिली तर नम्रपणे परत करा आणि वनखात्याकडे जायला सांगा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार मालकीचा दाखला लागतो. शेतात सापडलेली नाणी, मूर्ती घेऊन ठेवू नका, जमिनीत सापडलेला ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. कर्नाटकात त्यासाठी १९६२ चा कायदा आहे. शंभर वर्षांवरच्या दगडी किंवा धातूच्या मूर्तींची नोंदणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली करावी लागते. ठासणीची बंदूक, तलवार असेल तर आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवा. शिवेवरचा वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा दगड) उचलून आणू नका. तो जिथे रोवलाय तिथेच त्याचा अर्थ आहे. फोटो आणि मोजमाप आणा.

कंदील आणि बत्तीतलं रॉकेल पूर्ण काढा, टाकी उघडी ठेवून आठवडाभर वाळवा. पेट्रोमॅक्सच्या जुन्या मेंटलमध्ये थोरियम असतं. फुटलेलं मेंटल फुंकून उडवू नका, मास्क लावून ओल्या कागदात टिपून घट्ट डब्यात ठेवा आणि मुलांच्या हाती देऊ नका.

आणि अंगणात पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, असेल तर ते दाखवायचा मोह होणारच. बंद पेवात धान्याच्या श्वसनाने कार्बन डायऑक्साइड साठतो, तो जड असल्याने तळाशी बसतो, आणि आत उतरलेला माणूस ओरडूही शकत नाही. जुनी माणसं तोंड उघडून दिवसभर थांबत, मग दोरीने पेटता दिवा सोडत, विझला तर उतरत नसत. तुम्ही दिवाही सोडू नका आणि कुणाला उतरवूही नका. तोंडावर लोखंडी जाळी बसवा, कुलूप लावा आणि वरून बॅटरीचा झोत टाका, आतली सारवलेली भिंत तेवढ्यात दिसते.